गाडीचं ॲव्हरेज आणि उसाचं बिल: एका घरातला ई-२० चा वाद

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. कोल्हापूरच्या एका तरुणाची २०१६ ची, कार्बोरेटरवाली मोटरसायकल आहे. नोकरी जयसिंगपूरला, रोजचं जाणं-येणं. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल (अल्कोहोल) मिसळलेलं, पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज ५५ वरून ४५ वर आलं आणि सकाळी गाडी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही, अशी त्याची तक्रार. त्याचे चुलते शिरोळ तालुक्यात तीन एकर ऊस करतात. त्यांचं म्हणणं, इथेनॉल आहे म्हणून उसाला दर आहे, आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळायला लागले की लगेच शहरातल्या लोकांच्या पोटात दुखतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, बाटलीतल्या पेट्रोलमधून ‘पाणी’ निघतंय असा. त्यावरून एवढी जुंपली की चुलते ग्रुप सोडून गेले. आता तो विचारतो, खरं कुणाचं?

मी सव्वीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून काम केलं. माझ्या मेहुण्याचं शिवाजी उद्यमनगरात टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि निवृत्तीनंतर माझी बरीच दुपार तिथे जाते. इथेनॉल तयार होताना मी पाहिलंय आणि ते जुन्या गाडीत गेल्यावर काय करतं हेही पाहतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निकाल सांगून टाकतो. तुमचं ॲव्हरेज इथेनॉलमुळे पडलंय हे खरं, पण दहाच्या दहा किलोमीटर त्याच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. चुलत्यांना इथेनॉलचा फायदा झालाय हेही खरं, पण त्यांना वाटतो त्या वाटेनं नाही. आणि तो व्हिडिओ लोकांना फसवणारा आहे.

व्हिडिओपासूनच सुरू करू, कारण भांडण तिथे पेटलं. आमच्या लॅबमध्ये शंभर मिलीचा, बुचाचा मोजपात्र असायचा. त्यात पन्नास मिली पेट्रोल घ्यायचं, वर पन्नास मिली पाणी घालायचं, बूच लावून हळूहळू उलटंसुलटं करायचं, मध्येमध्ये बूच सैल करून वाफ सोडायची आणि दहा मिनिटं शांत ठेवायचं. पाणी जड, ते खाली बसतं. पण खालचा थर पन्नासच्या रेषेवर थांबत नाही, साठच्या जवळ येतो. वरचं पेट्रोल तेवढंच कमी होतं. ही दहा मिली कुठून आली? पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याकडे गेलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, पाणी दिसलं की ते पेट्रोलचा हात सोडतं. पन्नासातले दहा म्हणजे वीस टक्के. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे ढोबळ मानानं बघायची ही जुनी, साधी चाचणी आहे. व्हिडिओत आधी पाणी ओतलेलं दाखवत नाहीत किंवा घाईत दाखवतात आणि शेवटी फुगलेला खालचा थर दाखवून ‘बघा, पेट्रोलमध्ये किती पाणी’ म्हणतात. त्यात दिसतं ते इथेनॉल, आणि ते त्यात मुद्दामच मिसळलेलं असतं. (घरात हा प्रयोग करू नका. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि शेगडीपर्यंत जायला तिला वेळ लागत नाही.)

पाण्याचा खरा धोका वेगळा आहे आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही. डिस्टिलरीत साध्या ऊर्ध्वपातनानं अल्कोहोल साधारण पंचाण्णव टक्क्यांपर्यंतच जातं. उरलेलं पाणी कितीही उकळलं तरी सुटत नाही. ते काढायला झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांचे टॉवर असतात. ते पाणी शोषून घेतात आणि ९९.५ टक्क्यांच्या वरचं निर्जल इथेनॉल बाहेर येतं. टँकर भरण्याआधी पाण्याचा अंश तपासताना आमची नजर हलायची नाही, कारण थोडं जास्त पाणी गेलं तर पुढे सगळं बिघडतं. दहा टक्के इथेनॉल असलेलं एक लिटर पेट्रोल साधारण पाच मिली पाणी पोटात सामावून घेतं. वीस टक्केवालं त्याहून जास्त घेतं. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाला बसतात. गाडी पेट्रोल तळातूनच उचलते.

२०२१ च्या जुलैच्या महापुरात हे गॅरेजमध्ये डोळ्यांनी बघितलं. पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या टाक्या आम्ही पारदर्शक कॅनमध्ये रिकाम्या करत होतो. प्रत्येक कॅनमध्ये दोन थर, मध्ये स्वच्छ रेषा. एका गाडीवाल्यानं खालचं पाणी काढून वरचं पेट्रोल परत टाकीत ओतायला सांगितलं, पैसे वाया जायला नकोत म्हणून. ते वरचं पेट्रोल आता पहिलं राहिलेलं नसतं. त्यातलं इथेनॉल खाली निघून गेलेलं असतं आणि त्याबरोबर ऑक्टेनही, म्हणजे इंधन अवेळी पेटू न देणारा गुण. ते टाकून द्यायचं असतं. आपल्याकडे पंचगंगा दर दोन-तीन वर्षांनी रस्त्यावर येते, त्यामुळे हे लक्षात ठेवा.

आता ॲव्हरेज. इथे वाद घालण्यासारखं फारसं काही नाही, साधा हिशेब आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी कमी होते. जो कुणी ‘अजिबात फरक पडत नाही’ म्हणतो तो या आकड्यांकडे पाठ फिरवतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलेलं आहे की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचं ॲव्हरेज ई-२० वर चारचाकीत ६ ते ७ टक्के आणि दुचाकीत ३ ते ४ टक्के घटेल. म्हणजे सरकारच्या कागदावरही हे मान्य आहे.

पण ५५ वरून ४५ म्हणजे अठरा टक्के झाले. सगळी सात टक्के धरली तरी ५५ चे ५१ होतात. शिवाय तुम्ही आजवर शुद्ध पेट्रोलवर गाडी चालवत होतात असंही नाही. देशातलं सरासरी मिश्रण जून २०२२ मध्येच दहा टक्क्यांवर गेलं होतं. दहावरून वीसवर जाताना ऊर्जेचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५५ चे ५३. उरलेले आठ किलोमीटर गाडीत शोधावे लागतील.

आणि तिथेच तुमच्या सकाळच्या चोकचं उत्तर आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण पावणेपंधरा पट हवा लागते, ई-२० ला साडेतेरा पट. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना सायलेन्सरकडे ऑक्सिजन सेन्सर असतो, तो हवेचा अंदाज घेऊन इंधन वाढवतो. तुमच्या कार्बोरेटरला असा मेंदू नाही. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक ज्या मापाचं आहे तेवढंच पेट्रोल तो देणार, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. त्यातून इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिन पटकन पकडत नाही. मेहुणा अशा गाड्यांचा एअर स्क्रू थोडा फिरवून मिश्रण जरा घट्ट करतो. काहींना एक नंबर मोठा जेट लागतो. काम दहा मिनिटांचं, पण फिटर जाणता हवा.

दुसरी गोष्ट साफसफाईची. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. जुन्या टाकीच्या भिंतीला आठ-दहा वर्षांचा जो चिकट थर बसलेला असतो, तो ते सोडवतं आणि तो मळ फिल्टरमध्ये, तिथून जेटमध्ये येतो. ‘ई-२० टाकल्यावर गाडी बंद पडली’ असं सांगत आलेल्या बऱ्याच गाड्यांत आम्हाला हेच सापडलं. म्हणजे दोष इथेनॉलचा की जुन्या मळाचा, यावर हवं तर वाद घाला. फिल्टर बदलला की गाडी चालते, एवढं मात्र मी बघितलंय.

तिसरी गोष्ट रबराची, आणि जुन्या गाडीवाल्यांनी काळजी करायचीच असेल तर याची करावी. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक खोलला. आतली ओ-रिंग बाहेर काढली आणि पुसून परत खाचेत बसवायला गेलो तर बसेना. फुगली होती, बोटात दाबली तर भिजलेल्या चामड्यासारखी लागत होती. नवी रिंग शेजारी ठेवली तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. जुन्या गाड्यांतली काही रबरं आणि कॉर्कची पॅकिंगं इथेनॉलसाठी बनवलेलीच नव्हती. ती फुगतात, वाळली की आकसतात, चिरतात आणि मग पेट्रोल ठिबकतं. गरम इंजिनवर ठिबकणारं पेट्रोल हा चेष्टेचा विषय नाही. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत हे भाग ई-२० ला टिकणारे आहेत. तुमच्या गाडीत ते बदलून घ्यावे लागतील. इंजिन फुटतं, पिस्टन वितळतो वगैरे जे फिरतं, ते मी एकाही गाडीत पाहिलेलं नाही.

आता पैशाकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या घरातला वाद तिथला आहे.

तुमचं नुकसान आधी मोजू. दर हजार किलोमीटरला, लिटरला पन्नास धरून, म्हणजे वीस लिटर. चार टक्के घट धरली तर पाऊण लिटरच्या जरा वर जास्त लागतं. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर हजार किलोमीटरला सत्त्याऐंशी रुपये. लिटरला पंधरा देणाऱ्या जुन्या चारचाकीला सहा टक्क्यांनी तेवढ्याच अंतराला साडेचारशेच्या आसपास. घर बुडत नाही, पण हा तुमच्या खिशातून गेलेला पैसा आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात, ऊर्जा कमी असल्यामुळे अशा पेट्रोलचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, असंही सुचवलं होतं. पंपावर तसं झालं नाही. सरकार सांगतं की इथेनॉलच आता महाग पडतं. जुलै २०२५ अखेरची सरासरी खरेदी, वाहतूक आणि जीएसटी धरून, लिटरला ७१.३२ रुपये होती. हे खरं आहे, पण २०२१ मध्ये ग्राहकाला जे समजावलं ते यापेक्षा वेगळं होतं. साध्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली, तेव्हा निवड आता तुमच्या हातात नाही.

पण हे सगळं ‘ऊसवाल्यांसाठी सोसतोय’ असं म्हणत असाल तर थांबा. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं आणि त्यात मका सगळ्यात पुढे आहे. सगळ्यात महागही तोच. २०२४-२५ च्या दरानं मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये, आणि कारखान्याच्या शेवटच्या मळीपासूनच्या (साखर काढून उरलेल्या चिकट पाकापासूनच्या), म्हणजे सी-हेवीच्या इथेनॉलला ५७.९७. चुलत्यांच्या उसानं तुमचं पेट्रोल महाग केलेलं नाही.

चुलत्यांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, ठरते साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. या सूत्रात इथेनॉल कुठेच नाही. कारखान्यानं कितीही इथेनॉल विकलं तरी हा आकडा तेवढाच राहतो.

मग फायदा कसा झाला? एक टन ऊस घ्या. १०.२५ उताऱ्यानं साखर १०२ किलो. किलोला ३८ रुपये धरले तर ३,९०० च्या आसपास, अधिक शेवटच्या मळीतून दहा लिटर इथेनॉलचे सुमारे ५८० रुपये. एकूण साडेचार हजारांच्या जरा खाली. त्याच टनाच्या रसातून थेट इथेनॉल केलं तर साधारण ७० लिटर, ६५.६१ रुपये दरानं ४,६०० च्या जवळ. म्हणजे जवळपास तेवढंच. खरा फरक वेळेचा आहे. साखर गोदामात पडून असते, केंद्रानं ठरवलेल्या महिन्याच्या कोट्याप्रमाणेच विकता येते, तोवर बँकेत तारण ठेवून व्याज भरायचं. इथेनॉलचा टँकर गेला की काही आठवड्यांत तेल कंपनीचे पैसे जमा. कायद्यानं ऊस कारखान्यात पोचल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं. पूर्वी ते महिनोन्महिने रखडायचं. ते सुधारलं त्यात या रोकड पैशाचा मोठा वाटा आहे, हे मी आतून पाहिलंय. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला, एफआरपी मात्र वाढत गेली. मधली दरी इथेनॉलनं भरून काढली.

यावर भरवसा किती ठेवायचा, तेही सांगतो. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करायला केंद्रानं बंदी घातली. पाऊस कमी झाला होता, साखर कमी पडेल अशी भीती होती. आदेश आला तेव्हा आमच्या टाक्यांत आटवलेल्या रसाचं सिरप भरलेलं होतं, यीस्ट वाढवून तयार होतं, आणि प्लँटवरचं कर्ज तर चालूच होतं. त्या रात्री शिफ्टमध्ये कुणी फारसं बोललं नाही. पुढे थोडी सूट मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठले, पण तो हंगाम गेला तो गेलाच.

आणि चुलत्यांनी खरं भांडायचं असेल तर दोन जागा आहेत. कारखाना बी-हेवी, म्हणजे अजून साखर शिल्लक असलेली मधल्या टप्प्याची मळी इथेनॉलला वळवतो तेव्हा जी साखर पोत्यात आली असती ती मळीतच राहते, त्यामुळे उतारा दिसायला कमी येतो. ती घट परत मिळवूनच एफआरपीचा उतारा धरायचा असतो. ती नीट मिळवली का, हे विचारायला हवं. दुसरी जागा ७०:३० ची. साखर उद्योगासाठी केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सुचवलेल्या आणि महाराष्ट्रानं २०१३ च्या कायद्यात घेतलेल्या सूत्राप्रमाणे साखर, मळी, बगॅस (चिपाड) आणि प्रेसमडच्या (रस गाळून उरलेल्या गाळाच्या) उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा उसाचा. यात मळीची किंमत येते, पण मळीपासून पुढे झालेल्या इथेनॉलचा नफा येत नाही. तो धरावा, ही मागणी ऊस चळवळीत जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. मळी माझ्या हातून इथेनॉल झाली, पण ती आली कुणाच्या शेतातून?

तुमचं पंपावरचं गाऱ्हाणं आणि चुलत्यांचं कारखान्याच्या काट्यावरचं गाऱ्हाणं एकाच लिटरबद्दल आहे. त्या लिटरचा दर ठरवताना तुम्हाला विचारलं नाही आणि वाटा ठरवताना त्यांना. तुम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतात, आणि तुमच्यात देण्याघेण्यासारखं काहीच नव्हतं.

गाडीचं एवढं करा. पेट्रोल कॉक, फ्लोट नीडल आणि कार्बोरेटरची रबरं बदला, पेट्रोलचा पाइप आणि फिल्टर नवा टाका, मिश्रण जुळवून घ्या. पावसाळ्यात टाकी अर्ध्यावर ठेवून गाडी आठवडाभर उभी करू नका, रिकाम्या जागेत दमट हवा शिरते. मग एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, जयसिंगपूरचं चार दिवसांचं जाणं-येणं झालं की त्याच पंपावर तशीच भरा. असं सलग तीनदा करा. एका टाकीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मीटरवरच्या काट्यावर तर मुळीच नको. मला ५१-५२ ची अपेक्षा आहे.

आकडे आले की कळवा. आणि हंगामाचं पहिलं बिल हातात पडलं की चुलत्यांचं बिलही पाठवा, उताऱ्याची ओळ नीट वाचता येईल असा फोटो काढून.